मार्केटिंगमध्ये पीएचडी: "सेल्समन व्हायला पाच वर्षं कशाला?"

प्रश्न, थोडक्यात: पत्रलेखक २८ वर्षांचे, मूळचे सांगली जिल्ह्यातले. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे पुण्यातून संख्याशास्त्रात एमएससी. चार वर्षं पुण्यातल्या एका अ‍ॅनालिटिक्स कंपनीत आहेत. साबण, चहा, बिस्किटं विकणाऱ्या कंपन्यांसाठी जाहिरातखर्च आणि विक्रीची मॉडेलं बांधतात, कधी कॉन्जॉइंट सर्वेक्षणंही (काल्पनिक पर्यायांतून निवड करायला लावणारी) करतात. पत्नी राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी, फ्लॅटचा हप्ता ३१ हजार. ग्राहक वस्तू कशी निवडतो यावर संशोधन करून प्राध्यापक व्हायची इच्छा आहे. ते विचारतात: अमेरिका की आयआयएम? आधी एमबीए लागेल का? गणित पुरेल का? वय उलटलं का? सासरे म्हणतात, "सेल्समन व्हायला पीएचडी कशाला?" ऑफिसातले वरिष्ठ म्हणतात, "आत्ता करतोयस तेच तिथे जाऊन करशील, फक्त पगार कमी."

नमस्कार.

सासऱ्यांच्या वाक्यावर तुम्ही पत्रात अर्धं पान रागावला आहात. वरिष्ठांच्या वाक्यावर मात्र एक ओळही नाही, म्हणजे ते तुम्हाला पटलेलं दिसतं. तपासून पाहायला हवं ते नेमकं हेच वाक्य.

कंपनीत तुम्ही आठवड्याची विक्री घेता. तिच्यापुढे किंमत, टीव्हीवरचं जाहिरातीचं वजन, दुकानातल्या योजना, सण असे रकाने लावता आणि पुढच्या तिमाहीत पैसा कुठे टाकायचा ते क्लायंटला सांगता. आता मोती साबण डोळ्यांसमोर आणा. त्याची जाहिरात दिवाळीच्या तोंडावर लागते आणि साबणही तेव्हाच खपतो. जाहिरातीचा सहगुणक, म्हणजे तिच्या परिणामाचा आकडा, दणदणीत येणारच. पण जाहिरातीमुळे साबण खपला, की खपायचे दिवस आले म्हणून कंपनीने जाहिरात लावली? तुम्ही दिवाळीचा एक डमी (सण असेल तर १, नसेल तर ०) टाकता, आकडा थोडा खाली येतो, मॉडेल मागच्या वर्षाशी जुळतं आणि सादरीकरण पार पडतं. क्लायंटला अंदाज हवा होता, तो मिळाला. संशोधकाचं काम इथून पुढे सुरू होतं. जाहिरात एका ठिकाणी लागली आणि अगदी तशाच दुसऱ्या ठिकाणी लागली नाही, असं कधी घडलं का? घडलं तर का घडलं? त्या कारणाचा मागणीशी काही संबंध नव्हता, हे कशावरून? या प्रश्नांना वर्ष जातं, मॉडेल चालवायला आठवडा पुरतो. वरिष्ठ तुमच्या त्या आठवड्याबद्दल बोलताहेत.

या क्षेत्राची चव कळायला एक जोडी सांगतो. १९८८ साली सुनील गुप्ता यांनी कॉफीच्या खरेदीचा डेटा घेऊन विचारलं: सवलतीच्या आठवड्यात विक्री फुगते ती कुठून येते? त्यांचं उत्तर असं की ८४ टक्के परिणाम ब्रँड बदलण्यातून येतो, १४ टक्के खरेदी लवकर उरकण्यातून आणि उरलेला २ टक्के साठवणुकीतून. बराच काळ वर्गांमधून हेच शिकवलं गेलं: सवलत दिली की दुसऱ्याचं गिऱ्हाईक ओढता येतं. २००३ साली हेराल्ड व्हान हीर्ड, सचिन गुप्ता आणि डिक विटिंक यांनी तीच आकडेमोड पुन्हा उघडली. ते म्हणाले, हे टक्के लवचिकतेचे (किंमत एक टक्का बदलली तर विक्री किती टक्के बदलते याचे) आहेत, पाकिटांचे नाहीत. सवलतीमुळे एखाद्या ब्रँडची १०० पाकिटं जास्त गेली, तर बाकीच्या ब्रँडची खरोखर किती कमी झाली? त्यांचा सरासरी आकडा आला ३३. आधीचं गणित चुकलं नव्हतं, त्याचा अर्थ चुकीचा लावला जात होता. हा किस्सा वाचून "मग काय झालं" वाटलं तर पुढचं सगळं वाचायचं कारण नाही. "अरे, हे मला आधी का नाही सुचलं" असं वाटलं तर वाचा.

सासऱ्यांचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. या पीएचडीत विकायला शिकवत नाहीत, माणूस निवड कशी करतो हे शोधतात. बिझनेस स्कूलच्या मार्केटिंग विभागात ढोबळमानाने दोन घराणी असतात. एक मानसशास्त्राकडून आलेलं, प्रयोगशाळेत माणसांवर प्रयोग करणारं, ग्राहक-वर्तनाचं. दुसरं अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्राकडून आलेलं, म्हणजे तुमचं. दोघं 'निवड' याच गोष्टीवर काम करतात, पण प्रवेश, अभ्यासक्रम, जर्नलं आणि नोकऱ्या वेगवेगळ्या. अर्जात आपण कुठल्या घराण्याचे हे स्पष्ट नसेल तर दोघंही अर्ज बाजूला ठेवतात. तुमच्या बाजूची मुख्य जर्नलं म्हणजे मार्केटिंग सायन्स, जर्नल ऑफ मार्केटिंग रिसर्च, मॅनेजमेंट सायन्स, आणि अर्थशास्त्राकडे झुकलेलं क्वांटिटेटिव्ह मार्केटिंग अँड इकॉनॉमिक्स. या चारांचे गेल्या दोन वर्षांचे अंक चाळा, नुसते गोषवारे वाचा. वीसेक गोषवारे असे निघाले की ज्यांचा आतला भाग वाचावासा वाटतो, तर विषय तुमचा.

एमबीए लागत नाही. त्यात घालवलेली दोन वर्षं आणि भरलेली फी प्रवेश समितीच्या लेखी जवळजवळ शून्य. एमएससी संख्याशास्त्र ही उलट जमेची बाजू आहे.

गणिताबद्दल तुमची भीती चुकीच्या जागी आहे. संभाव्यता, रेषीय बीजगणित, अनुमानशास्त्र तुमचं झालेलं आहे. कमी पडेल ते अर्थशास्त्र: उपयुक्ततेपासून मागणी कशी काढतात, दोन कंपन्या किमती ठरवताना एकमेकींकडे कशा बघतात. पहिल्या वर्षी बहुतेक ठिकाणी अर्थशास्त्र विभागातल्या विद्यार्थ्यांसोबत सूक्ष्म अर्थशास्त्र आणि अर्थमिती शिकावी लागते, आणि संख्याशास्त्राची मुलं अडखळतात ती तिथेच. सिद्धता लिहायची सवय मोडलेली असते हे दुसरं कारण. रिअल अ‍ॅनालिसिसची एमएससीची वही काढा आणि आठवड्याला चार सिद्धता कागदावर लिहा. वाचू नका, लिहा. सूक्ष्म अर्थशास्त्रासाठी आयआयटींच्या एनपीटीईएल या ऑनलाइन मंचावर मोफत अभ्यासक्रम आहेत. तुम्ही पुण्यात आहात, गोखले संस्थेत अर्थशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेणारी मुलं गाठा आणि रविवारी दोन तास त्यांच्यासोबत गणितं सोडवा. एकट्याने हा विषय फार सावकाश जातो.

आता मुख्य सल्ला. अमेरिका की आयआयएम हा निर्णय चार महिने बाजूला ठेवा. त्या चार महिन्यांत नोकरी न सोडता, आठवड्याला आठ-दहा तास देऊन, एक छोटं संशोधन स्वतः करून पाहा. डेटा फुकट मिळतो. 'आर' या संख्याशास्त्रीय संगणक-भाषेतल्या 'बेझेम' या पॅकेजमध्ये 'मार्जरिन' नावाचा संच आहे: ५१६ कुटुंबांची मार्जरिन-खरेदी (मार्जरिन म्हणजे लोण्याऐवजी वापरायचा पदार्थ), दहा ब्रँड. त्याच पॅकेजमध्ये 'ऑरेंजज्यूस' हा संच शिकागोच्या डॉमिनिक्स या दुकानसाखळीचा आहे: ८३ दुकानं, ११ ब्रँड. सोबतीला केनेथ ट्रेन यांचं डिस्क्रीट चॉइसवरचं (अनेक पर्यायांतून एक निवडण्याच्या मॉडेलांवरचं) पाठ्यपुस्तक घ्या, ते त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहे.

पहिली पायरी, मार्जरिनवर साधं लॉजिट (प्रत्येक ब्रँड निवडला जायची शक्यता काढणारं मॉडेल) चालवा आणि लवचिकतांचा तक्ता छापा. स्वतःच्या किमतीची लवचिकता म्हणजे किमतीचा सहगुणक गुणिले किंमत गुणिले (१ वजा वाटा). दुसऱ्याच्या किमतीचा परिणाम पाहाल तर एकाच स्तंभात सगळे आकडे सारखे दिसतील. म्हणजे अ ब्रँडची किंमत वाढली तर त्याची गिऱ्हाइकं बाकी नऊ ब्रँडकडे निव्वळ त्यांच्या वाट्याच्या प्रमाणात जातात, मग त्यातला कुणी अ सारखा असो वा नसो. पुस्तकात हा मुद्दा लाल बस आणि निळ्या बसच्या उदाहरणाने येतो. आपल्याकडे तो असा मांडता येईल: सांगली ते पुणे निम्मी माणसं स्वतःच्या गाडीने जातात, निम्मी लालपरीने. महामंडळाने निम्म्या लालपऱ्या निळ्या रंगवल्या. लॉजिट म्हणेल, आता तीन पर्याय झाले, एक तृतीयांश माणसं गाडीने जातील. रंग बदलल्यामुळे कुणी गाडी सोडेल का? कंपनीत तुम्ही हे मॉडेल कितीतरी वेळा चालवलं असेल. तो स्तंभ कधी नजरेखालून घातलात का, ते आठवून पाहा.

(या मॉडेलचा पाया १९७४ साली डॅनियल मॅकफॅडन यांनी पक्का केला आणि २००० साली त्यांना जेम्स हेकमन यांच्यासोबत नोबेल मिळालं. सॅन फ्रान्सिस्कोजवळची बार्ट रेल्वे सुरू होण्याआधी त्यांच्या गटाने अंदाज दिला होता की कामावर जाणाऱ्यांपैकी ६.३ टक्के ती वापरतील. अधिकृत अंदाज १५ टक्क्यांचा होता, प्रत्यक्षात ६.२ टक्के निघाले. पुढे मॅकफॅडन यांनीच मान्य केलं की आमचं उत्तर काही अंशी चुकीच्या कारणांनी बरोबर आलं: लोक स्टेशनपर्यंत चालत येतील हे आम्ही जास्त धरलं आणि गाडीने येतील हे कमी. असं लिहिणारी माणसं या विषयात टिकतात.)

दुसरी पायरी, कुटुंबागणिक आवड वेगळी धरा. मिश्र लॉजिट किंवा श्रेणीबद्ध बेझियन, जे जमेल ते. इथे हमखास काय बिघडतं ते सांगतो. सिम्युलेशनचे ड्रॉ (यादृच्छिक नमुने) १०० ठेवून सहगुणक छान आले म्हणून माणूस थांबतो. ५०० करा, १००० करा. आकडे हलले तर पहिले आकडे खरे नव्हते. किमतीच्या सहगुणकाला नॉर्मल वाटप दिलं की काही कुटुंबांना महाग वस्तू जास्त आवडते असं निघतं. ते टाळायला लॉगनॉर्मल घेतलं की शेपूट लांबते आणि 'किती जास्त पैसे मोजायला तयार' हा आकडा हास्यास्पद होतो. यावर एकच रामबाण तोडगा नाही. कुठली तडजोड का केली हे लिहून काढा. आणि वेगवेगळ्या आरंभबिंदूंपासून मॉडेल पुन्हा चालवा, एकदा आलेल्या उत्तरावर विश्वास ठेवू नका.

तिसऱ्या पायरीत मागच्या वेळी घेतलेल्या ब्रँडचा डमी घाला. आवड सगळ्यांची सारखी धरलेल्या मॉडेलमध्ये तो खूप मोठा येईल. वाटेल, सवयीचा केवढा जोर! आता आवड वेगवेगळी धरा, तो आक्रसेल. कारण उघड आहे. ज्याला मुळातच एक ब्रँड आवडतो तो काल तोच घेतो आणि आजही तोच घेतो, त्यात सवयीचा काही भाग नसेलही. उरलं तेवढं सवय म्हणायचं का? की तुमच्या मॉडेलने आवडीतला फरक पुरता पकडला नाही म्हणून ते उरलं? पीटर ग्वाडाग्नी आणि जॉन लिटल यांनी १९८३ साली कॅन्सस सिटीतल्या कॉफीखरेदीवर केलेल्या कामात 'निष्ठा' असं एक चल होतं. आवड आणि सवय दोन्ही त्यात मिसळलेल्या होत्या, आणि त्यांची फारकत करण्यावर पुढे कित्येक जणांची कारकीर्द उभी राहिली. प्रश्न पुस्तकी नाही. सवय असेल तर नव्या ब्रँडने सुरुवातीला फुकट पुड्या वाटणं परवडतं. नुसती आवड असेल तर तो खर्च पाण्यात.

चौथी पायरी ऑरेंजज्यूसवर, आणि हिला निम्मा वेळ द्या. विक्रीचा लॉग किमतीच्या लॉगवर, साधं समाश्रयण (रिग्रेशन). मग दुकान आणि आठवड्याचे स्थिर परिणाम (प्रत्येकाचा वेगळा डमी) घाला. मग घाऊक दर साधनचल म्हणून, म्हणजे किंमत हलवणारी पण मागणीशी थेट संबंध नसलेली गोष्ट म्हणून, वापरा: नफ्याच्या टक्केवारीवरून तो काढता येतो, किंमत गुणिले (१ वजा नफा भागिले १००). प्रत्येक वेळी लवचिकता किती बदलली ते नोंदवा. पण हा घाऊक दर आजचा नसतो, गोदामातल्या जुन्या मालासकटचा सरासरी असतो. घाऊक बाजारात सवलत लागली की दुकानदार जास्तीचा माल उचलून ठेवतो, म्हणून हा दर मागून सरकतो. तुमच्या साधनचलाचं यात काय होतं? दुसऱ्या शहरातली किंमत साधनचल म्हणून घेतली तर? दोन्ही शहरांत एकाच वेळी राष्ट्रीय जाहिरात लागली असेल तर तेही कोसळतं. पुढे डॉमिनिक्सचा मूळ डेटा शिकागो विद्यापीठाच्या बूथ स्कूलच्या संकेतस्थळावरून उतरवलात तर आणखी तीन खड्डे आहेत. 'ओके' रकान्यात शून्य असलेल्या ओळी काढून टाकायच्या. 'प्राइस' हा 'क्वांटिटी' इतक्या नगांचा मिळून भाव असतो, भागायला विसरलात तर एका डब्याला तीन डब्यांचा भाव दिसेल. आणि 'सेल' रकान्यात खूण असली तर योजना होती हे नक्की, पण खूण नसली म्हणजे योजना नव्हती असं नाही.

शेवटी या सगळ्यावर आठ-दहा पानांचं टिपण लिहा, इंग्रजीत. प्रश्न काय, किंमत का बदलली, मॉडेल कुठलं, आणि त्यावरून जगाबद्दल काय म्हणता येतं. मराठी माध्यमाबद्दलची तुमची धास्ती इथेच पारखली जाईल. या क्षेत्रात अलंकारिक इंग्रजी कुणी मागत नाही. छोटी वाक्यं, एका परिच्छेदात एक मुद्दा, आणि पहिल्या दोन पानांत उत्तर, एवढं पुरतं. पेपर स्वीकारला जायला दोन-तीन वर्षं आणि तपासणीच्या दोन-तीन फेऱ्या लागणं नेहमीचं आहे, त्यात लिहिण्यापेक्षा पुन्हा लिहिणं जास्त असतं.

चार महिन्यांनी स्वतःकडे पाहा. दुसऱ्या पायरीत रमलात आणि चौथीत कंटाळलात तर तुम्ही उत्तम मॉडेलर आहात, आणि त्याचे पैसे उद्योगात जास्त मिळतात. तिथे वरच्या दर्जाचं काम शोधा, पीएचडीचं नाव काढू नका. चौथीत झोप उडाली असेल तर अर्जाला लागा.

मग पर्यायांचा विचार. अमेरिकेत मार्केटिंगची पीएचडी साधारण पाच वर्षांची. फी माफ, वर विद्यावेतन. कर्ज काढून करायची गोष्ट नाही, आणि पैसे मागणारा कार्यक्रम असेल तर तिकडे जाऊ नका. अडचण जागांची आहे: एखादा विभाग दोन्ही घराणी मिळून वर्षाला दोन-चार विद्यार्थी घेतो. म्हणून दहा-बारा ठिकाणी अर्ज करावे लागतात, प्रत्येकी शंभर डॉलरच्या आसपास. मुदती डिसेंबर ते जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत. जीआरईत क्वांट १६५ च्या खाली आला तर पुन्हा द्या. पहिल्या-दुसऱ्या वर्षाअखेर पात्रता परीक्षा असते, तिथे काही जण गळतात. चौथ्या-पाचव्या वर्षी उन्हाळ्यात नोकरीसाठी अर्ज, मुलाखती, मग शरद ऋतूत विद्यापीठांत जाऊन व्याख्यानं. ही सगळी मदार एका पेपरवर असते. सहायक प्राध्यापक झाल्यावर सहा-सात वर्षांनी कायम करायचं की नाही हे ठरतं, आणि नाही ठरलं तर संस्था सोडावी लागते. म्हणजे तुम्ही चाळिशी ओलांडाल तेव्हा स्थैर्य. वयाची हरकत प्रवेश समिती घेत नाही, नोकरी करून आलेले विद्यार्थी त्यांना चालतात. हरकत कुणाची असेल तर ती घरच्यांची, आणि ती रास्त आहे.

अर्थशास्त्रातून औद्योगिक संघटन (कंपन्यांमधल्या स्पर्धेचा अभ्यास) करून मार्केटिंगमध्ये येणं हाही मार्ग आहे. मार्केटिंग विभाग अर्थतज्ज्ञांना घेतात. तुकडी मोठी आणि विषयाची मोकळीक जास्त, पण नोकरीचा बाजारही मोठ्या गर्दीचा, आणि कला-विज्ञान शाखेतल्या विभागापेक्षा बिझनेस स्कूलचा पगार जास्त असतो. ग्राहकाच्या निवडीवरच जीव असेल तर थेट मार्केटिंगकडे जा.

आयआयएमबद्दल तुम्ही "नाहीच जमलं तर" असं लिहिलं आहे. हे पुन्हा तपासा. तिथेही फी नाही, विद्यावेतन आहे, कॅट किंवा जीआरई-जीमॅट चालतो, आणि पत्नीची नोकरी सुटत नाही. वीसहून अधिक आयआयएम, शिवाय आयआयटींचे व्यवस्थापन विभाग, या सगळ्यांना मार्केटिंगचे प्राध्यापक लागतात. आयआयटीत सातव्या वेतन आयोगाप्रमाणे सहायक प्राध्यापकाचं (ग्रेड १) मूळ वेतन १,०१,५०० रुपयांपासून आहे. तोटा असा की एकाच विभागात संख्यात्मक बाजूची तीन-चार माणसं एकत्र मिळणं कठीण, आणि परदेशातली पहिली नोकरी तिथून अवघड. म्हणून आयआयएमचं नाव पाहून अर्ज करू नका. त्या विभागात वर सांगितलेल्या चार जर्नलांत गेल्या पाच वर्षांत कुणी लिहिलं आहे, ते पाहा. एकही नाव सापडलं नाही तर तो विभाग या विषयापुरता वगळा. नोकरी सांभाळून करायच्या एक्झिक्युटिव्ह डॉक्टरेटच्या वाटेला मात्र या विषयासाठी जाऊ नका. पहिल्या वर्षाचा अभ्यास रात्री दहानंतर होत नाही.

नेदरलँड्समध्ये पीएचडीचा विद्यार्थी बहुधा विद्यापीठाचा पगारी कर्मचारी असतो. काही ठिकाणी आधी दोन वर्षांचा रिसर्च मास्टर्स करावा लागतो, त्याचा खर्च वेगळा विचारून घ्या. टिलबर्ग आणि रॉटरडॅम ही तुमच्या विषयाची ठिकाणं.

तुमच्या पत्रात पत्नीचा उल्लेख दोनदा आला आहे, दोन्ही वेळा "ती समजून घेईल" असा. त्यांना काय हवंय हे कुठेच नाही. अमेरिकेत विद्यार्थ्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या एफ-२ व्हिसावर नोकरी करता येत नाही. म्हणजे बँक अधिकारी असलेल्या बाईंनी पाच वर्षं घरी बसायचं, किंवा दोघांनी दोन खंडांवर राहायचं. ब्रिटनमध्ये पीएचडीच्या विद्यार्थ्याच्या जोडीदाराला काम करता येतं. हे नियम बदलत असतात, अर्जाच्या वर्षी पुन्हा पाहा. त्यांच्या बँकेत बिनपगारी रजा किती वर्षं मिळते, परत आल्यावर ज्येष्ठतेचं काय, हे त्यांनी स्वतः सेवानियमात वाचावं. विद्यावेतनात एक माणूस काटकसरीने राहतो, त्यातून पुण्याचा हप्ता निघत नाही. फ्लॅट भाड्याने दिला तर भाडं आणि हप्ता यांत किती फरक पडेल ते काढा, तो फरक गुणिले बारा, अधिक दोन विमानतिकिटं, एवढी रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला हवी. नसेल तर अर्ज एक वर्ष पुढे ढकला. त्याने काही बिघडत नाही.

शिफारसपत्रं तीन लागतात आणि अर्ज बहुतेक वेळा तिथेच पडतो. तुमचे वरिष्ठ लिहितील, "मेहनती, वेळेत काम करतो." समितीला त्याचा उपयोग नाही. तुम्ही अवघड प्रश्नाशी कसे झुंजता हे पाहिलेलं माणूस हवं. एमएससीचे प्रबंध-मार्गदर्शक हे पहिलं नाव. दुसरं मिळवायला एखाद्या प्राध्यापकासोबत संशोधन सहायक म्हणून काम करावं लागेल. आयआयएम, आयएसबीसारख्या संस्था अशी पदं भरतात, परदेशी विद्यापीठांत त्याला प्री-डॉक म्हणतात. वर्ष-दोन वर्षं पगार कमी, पण त्यातून प्रवेशाची शक्यता जेवढी वाढते तेवढी दुसऱ्या कशानेही नाही. चार महिन्यांचं ते टिपण इथे कामाला येतं: पदासाठी अर्ज करताना तेच जोडा.

उद्देशपत्रात लहानपणीच्या किराणा दुकानाची गोष्ट नको. तसली पत्रं समितीपुढे ढिगाने येतात. दोन प्रश्न, त्यांना लागणारा डेटा, आणि आजवरच्या उत्तरांत काय कमी आहे, एवढंच लिहा. प्रश्न आपल्या मातीतले असतील तर उत्तमच. डेव्हिड अ‍ॅटकिन यांनी भारतातल्या आंतरराज्य स्थलांतरितांवर काम केलं: लोक गावाकडच्या अन्नाची आवड सोबत नेतात, नव्या जागी ते महाग पडतं आणि त्याच खर्चात कमी उष्मांक पोटात जातात. ब्रोनेनबर्ग, दुबे आणि गेन्ट्झको यांनी अमेरिकेत राज्य बदलणाऱ्यांच्या ब्रँड-आवडी तपासल्या: साधारण ६० टक्के फरक लगेच मिटतो, उरलेला वर्षानुवर्षं रेंगाळतो. आपल्याकडे सांख्यिकी मंत्रालयाचा २०२२–२३ चा उपभोगखर्च सर्वेक्षणाचा कुटुंबनिहाय डेटा मोफत आहे, २,६१,७४६ कुटुंबांचा. पण त्यात ब्रँड नाही, आणि खर्च भागिले प्रमाण केलं की जो 'भाव' येतो त्यात दर्जाही मिसळलेला असतो. भारी प्रतीचा तांदूळ घेणाऱ्याला तांदूळ महाग पडला असं त्यात दिसेल. या मर्यादेचा विचार केलेला आहे हे उद्देशपत्रात एका वाक्यात दिसलं, तरी वाचणारा थांबतो.

एक धोका तुमच्या पत्रातच आहे: "कंपनीचा डेटा प्रबंधाला वापरता येईल." तो कंपनीचाही नाही, क्लायंटचा आहे, आणि तुम्ही गोपनीयतेच्या करारावर सही केली आहे. तोंडी होकारावर उद्देशपत्रात त्याचा उल्लेखही करू नका. पुढे कधी कुठल्या कंपनीशी डेटाबाबत करार केलात तर दोन कलमं लेखी घ्या: निष्कर्ष कंपनीला प्रतिकूल निघाले तरी छापता येतील, आणि हरकत घ्यायची असेल तर फक्त गोपनीय माहिती उघड होण्यापुरती, ठरावीक दिवसांत. दुसरं कलम नसेल तर प्रबंध तयार असतो आणि विधी विभागाचं उत्तर येत नाही.

एमएससीच्या मार्गदर्शकांना ईमेल या आठवड्यातच टाका. शिफारसपत्र आत्ता मागू नका. चार महिन्यांचा बेत अर्ध्या पानात लिहा, आणि टिपण तयार झाल्यावर वाचाल का एवढंच विचारा. प्रत्यक्ष पत्र मागाल तेव्हा मुदतीच्या निदान सहा आठवडे आधी मागा, सोबत टिपण, गुणपत्रक आणि ठिकाणांची मुदतवार यादी द्या. एमएससीत त्यांच्या हाताखाली नेमकं काय केलं होतं तेही दोन ओळींत कळवा, कारण चार वर्षांत त्यांच्याकडून बऱ्याच तुकड्या गेल्या असतील.